व्हाइसले गोडं तेल

माह्या डाव्या हातात दोन वर्सांपासून जोर नाई, लकवा मारून गेला. तरी म्या, पुंजाजी सुतार, मेहकरच्या रोडवर दरवाजे-खिडक्या करून राह्यलो, ते व्हाइसच्या जिवावर. लाकूड त्याच्या जबड्यात ठेवाचं, दांडी फिरवून आवळाचं, आन् एका हातानं रंधा मारत बसाचं.

पोरगं प्रसेनजित मास्तर हाय. त्याचा एकच हेका. "बाबा, आता एक जरी चूक झाली ना, तं मी दुकानाले कुलूप लावतो." त्याले काळजी हाय, हे समजते मले. पन रिकामं बसाचं म्हटलं का माहा जीव घाबरा होते.

मागच्या मयन्यात व्हाइस किरकिर कराले लागला. मशीनचं तेल संपलेलं. चिखलीले कोन जाते आता? म्या गुपचूप सैपाकघरातून वाटीभर गोडं तेल आनलं आन् ओतलं पेचावर. आठ दिवस काय मस्त चालला! मंग भुसा आन् तेल मिळून अशी चिकट खळ झाली का दांडी जागची हालेना. दरवाजाची फळी तशीच आत फसलेली.

नेमका तवाच प्रसेनजित दारात. "काय झालं बाबा?"

मले डोळ्यापुढं कुलूपच दिसलं. कुठून अवदसा आठवली कोन जाने, म्या सुनेवर घसरलो. "तुह्या बायकोले इचार! झाडते तं समदा भुसा व्हाइसात लोटते!"

पायल आत कपडे शिवत होती, ते उठून आली. पेचावरून बोट फिरवलं, नाकाजवळ नेलं. आपल्या घरातलं तेल तिले वळखू येनार नाई? माह्याकडं पाह्यलं. म्या मान खाली घातली.

"हाव, माह्याच हातून झालं," ते नवऱ्याले म्हने. "मीच साफ करते."

दुपारभर बसली बिचारी. आधी डिझेल सोडून खळ ढिली केली, फळी सोडवली, मंग पेच फिरवू फिरवू पुढचा जबडा बाहेर काढला, डिझेल अन् जुन्या ब्रशनं पेचाचा आटा न् आटा घासला, कोरडा पुसला. जबडा ज्यावर सरकते त्या बाजूच्या सळ्यांले तिच्या शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. पेचावर मातर बुद्धवंदनेच्या मेनबत्तीचा उरलेला तुकडा घासला.

"पेचाले मेनच बरं, मामाजी. भुसा चिकटत नाई."

दांडी एका बोटानं फिरली. मले रडूच आलं.

संध्याकाळी ताटावर बसलो, पन ताट बाजूले सरकवलं. शेवटी बोललो, "प्रसेन, तेल म्या ओतलं. गोडं. पायलचा काईच दोष नाई. लाव कुलूप, लावाचं तं."

प्रसेनजितच्या आधी पायलच बोलली, "लावा ना. पन चाबी माह्यापाशी राहीन."

त्याले हसू आलं. "उद्या दरवाजा पुरा करा बाबा," एवढंच म्हने.

"पोरी," म्या म्हटलं, "तुह्यामुळं म्या कामाचा राह्यलो. तुह्ये लय उपकार हायेत."

तिनं ताटात भाकर वाढली. "उपकार गिपकार राहू द्या. पुढच्या खेपेले माह्यं नाव सांगाच्या आधी मले हाक मारा."