तळेवाडीच्या विहिरीतली गंगामैया

तळेवाडीच्या नव्या विहिरीवर त्या सकाळी अकोटच्या बाजारासारखी गर्दी लोटली होती. लोक रांगेने ओंजळ पुढे करत होते, अमृतगीर गोसावी तांब्यातून घोट घोट पाणी सोडत होता, आणि ते जिभेला लागलं की माणसं आधी गप्प होत, मग डोळे पुसत. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे गाव. खणावं तिथे खारं पाणी. त्यात डाळ शिजत नाही की तहान भागत नाही. पिण्यापुरतं एक जुनं तळं होतं, तेही म्हशींच्या संगतीने. अशा गावात गोसाव्याने तळ्याच्या पाळीपासून चाळीस पावलांवर चिमटा रोवला आणि म्हणाला, "यहाँ गंगामैया सोई है." लोकांनी खणलं, तर पाणी गोड.

मैया येताना अटी घेऊन आली होती. पाणी फक्त गोसाव्याच्या तांब्याने काढायचं, तेही तांब्या तिरपा करून वरच्या वर. पोहरा खोल सोडला तर मैयेच्या मस्तकाला लागेल. मैयेचं मस्तक नेमकं कुठे आहे हे एकट्या गोसाव्याला ठाऊक होतं. मैयेला रोज पावशेर तूप लागतं हेही त्यालाच ठाऊक होतं, आणि ते तो स्वतःच्या मुखाने तिला पोचवत असे.

ते साल कापसाचं होतं. साता समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याची किंमत आली होती. बांध, पांदण, गायरान, जिथे नांगर चालेल तिथे सरकी पडत होती. उरलं होतं तळं. त्याचा गाळ काळाभोर, लोण्यासारखा. चावडीवर विषय निघाला तेव्हा गोसाव्याने पाळ फोडा असं म्हटलं नाही. देवाचं पाणी दारात असताना डबक्याची काय गरज, एवढंच म्हणाला. पाळीवर पहिली कुदळ शेषराव नावाच्या शेतकऱ्याने घातली.

त्याची बायको मनकर्णा त्याला आदल्या दिवशी म्हणाली होती, "विहीर कालची हाय. तळं किती पिढ्यांचं हाय ते तरी पाहा." शेषराव हसला आणि कापूस आल्यावर तिला पाटल्या करू म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. गावात वाईट असं कोणीच नव्हतं, हेच सांगताना जड जातं.

आटलेल्या तळ्याच्या गाळात कापूस कमरेएवढा झाला. माघात विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं, फाल्गुनात तोंडात धरवेना. लोकांनी गोसाव्याला विचारलं. त्याने डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं की कुण्या बाईने विटाळशी असताना पाणी भरलं, मैया रुसली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यात जास्त खेपा मनकर्णेच्या होत्या, कारण तिच्या तीन वर्षांच्या यमीला जुलाब लागले होते आणि पोर सारखं पाणी मागत होतं. नाव तिचं निघालं. विहिरीवरून तिला उठवलं.

यमी खारं पाणी थुंकून टाकायची. मनकर्णा तीन कोसांवरून गोड पाण्याची घागर आणायला गेली. परत आली तेव्हा पोर शांत झालं होतं. घागर भरलेलीच राहिली.

शेषराव त्यानंतर तिच्याशी एका वाक्यापलीकडे बोलला नाही. तिला कायमची माहेरी घालवायचं ठरलं. तुझ्या विटाळानं माझी पोरगी नेली, एवढं एकदाच तो म्हणाला होता. आणि खरं सांगायचं तर तिलाही रात्रंदिवस तेच वाटू लागलं होतं.

जायच्या दिवशीच अमरावतीहून केशवराव कारकून आले. कुठल्या गावाला पाणी कसं, रान किती, माती कोणती, याची पाहणी सरकारने चालवली होती. विहिरीवर माणसं जमली. केशवरावांनी पाणी चाखलं, मोडलेली पाळ पाहिली, पावलं मोजली आणि मैयेची सगळी कथा निमूट ऐकून घेतली. मग काचेची बाटली काढली. तळाशी विहिरीचं खारं पाणी घेऊन त्यात चिमूटभर कुंकू घातलं. वरून, पळसाच्या पानावरून, आपल्या चामड्याच्या पिशवीतलं गोड पाणी अलगद सोडलं. खाली लाल, वर नितळ. दोन्ही एकमेकांत शिरली नाहीत.

"गोड पाणी हलकं, म्हणून वर तरंगतं," ते म्हणाले. "हे तळ्यातून पाझरून विहिरीत येत होतं. खाली खारं होतंच. गोसावी तांब्या वरच्या वर बुडवायला लावायचा, तो म्हणूनच."

गोसावी म्हणाला, साहेब के कागज में मैया नहीं समाती.

 केशवरावांनी बाटलीतलं वरचं पाणी हळूहळू ओतून टाकलं आणि उरलेलं लाल पाणी शेषरावापुढे धरलं. "तळं आटवलं. आता राहिलं हे."

शेषरावाने बाटली घेतली नाही. पाळीवर कुदळ घातलेले आपले हात तो पाहत राहिला.

गोसाव्याने चिमटा उचलला. चार गावांत त्याचा हाच धंदा होता हे पुढे कळलं. त्याला कोणी अडवलं नाही. पाळ फोडणारे हात गावाचेच होते.

गर्दीच्या कडेला गाठोडं घेऊन उभी असलेली मनकर्णा पुढे आली. तिने विचारलं, "म्हंजे बाईच्या विटाळानं पाणी खारं होत नाई?"

"नाही, बाई."

"मंग तुमच्या कागदावर तसं लिहा. मले वाचता येत नाई, पण लिहा. इथं गोड पाणी होतं, आमी ते नांगरलं. अन् माही यमी माह्यामुळं नाई गेली."

कागदावर मृत पोरींसाठी रकाना नव्हता. केशवरावांनी समासात लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. शेषरावाने तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. तिने ते दिलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

बायाबाप्यांनो, पाणी रुसत नाही. कोणी कुठलं पाणी गोड केलं असं सांगेल, तेव्हा हात जोडण्याआधी ते पाणी येतं कुठून, एवढं विचारा. आणि ते आटलं तर कुणा बाईकडे बोट दाखवण्याआधी आपण काय फोडलं, ते पाहून या.