मासा न मारणाऱ्या माणसाची काठी

मित्रांनो, तुम्ही वाचनालयात आलात की आधी त्या फोटोंकडे धावता. धावा. फोटो चांगलेच आहेत. त्यांच्या खाली भिंतीला आडवी लटकवलेली एक काळपट काठी दिसते का? ती मी. जुनी बांबूची गळकाठी. माझ्याकडे फारसं कुणी बघत नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. पण हे फोटो कसे आले ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. मी तिथे होते. म्हणून सांगते.

मला नेल्स ट्वेटने बनवलं. इथल्याच हॅरो गावच्या शाळेत सुतारकाम शिकवायचा. १९५१चा हिवाळा होता. शाळा सुटली की तो वर्गातच थांबायचा, चीनहून आलेला बांबू उभा चिरायचा, पट्ट्या रंध्याने तासायचा. अशा सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या की एक काठी होते. बाहेरून बघाल तर सांधे दिसत नाहीत. तीन महिने लागले मला. आठ फूट लांब, वजनाला जेमतेम एका सफरचंदाएवढी.

माझ्या दोरीला गांडूळ लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते, तिच्या पोटात हुक. ती पाण्यावर इतकी हलकी टेकवायची की माशाला वाटावं, पडला बिचारा एखादा किडा. नेल्सच्या हातात मी असले की तीस हात लांबच्या पानावरसुद्धा माशी बसायची. लोक काठावर उभे राहून बघायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पण नेल्सचं नाव झालं होतं ते वेगळ्याच कारणाने. तो मासे मारत नसे. तरुणपणी त्याने पोतीच्या पोती मारले होते. एका ओढ्यातले तर त्याने आणि त्याच्या दोस्तांनी दोन उन्हाळ्यांत संपवलेच. त्यानंतर त्याने ठरवलं, की धरायचा आणि सोडायचा. हुकाच्या टोकाचा उलटा काटा तो कानशीने घासून काढायचा, म्हणजे माशाला जखम कमी होते. हात लावायच्या आधी हात ओले करायचा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीतपणा निघतो आणि मासा पुढे आजारी पडतो. आणि मासा पाण्याबाहेर असेपर्यंत नेल्स स्वतःचा श्वास रोखून धरायचा. आपला जीव घाबरा झाला की त्याचाही झाला असं समजायचं, सोडायचा. गावातल्या निम्म्या लोकांना हे त्यानेच शिकवलं. चर्चमध्ये कमी आणि नदीवर जास्त असं त्याचं देवधर्माचं गणित.

१९७४ साली तो निवृत्त झाला आणि त्याच जूनमध्ये कर्टिस घरी आला. कर्टिस त्याचा जुना विद्यार्थी, आता मासळीच्या सरकारी खात्यात होता. स्वयंपाकघरात टेबलाशी बसला, कॉफी घेतली. मग सांगितलं. डोंगरातली दोन तळी, खालचं आणि वरचं, सप्टेंबरमध्ये विष घालून साफ करणार. तिथे पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी बाहेरचा ट्राउट मासा आणून सोडला होता, अंगावर गुलाबी पट्टा असलेला. त्याने इथला मूळचा मासा संपवला, उरला त्याच्याशी संकर झाला. म्हणून सगळे मारायचे आणि दुसरीकडे वाढवलेले मूळचे मासे पुन्हा सोडायचे.

हा मूळचा मासा म्हणजे आमचा लालगळ्या. जबड्याखाली लाल चीर असते त्याच्या, कुणी ब्रश ओढल्यासारखी.

नेल्स म्हणाला, वरच्या तळ्यात लालगळे अजून आहेत. कर्टिस म्हणाला, त्याने जाळं टाकलं होतं, एकही आला नाही. नेल्स म्हणाला, तू जाळं मधोमध टाकलंस, ते राहतात धबधब्याच्या तोंडाशी, खडकांखाली. तिथे जाळं लागतच नाही.

कर्टिसने पिशवीतून रुंद तोंडाची एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आत मासा सडू नये म्हणून घालतात ते औषधाचं पाणी होतं.

"सर, मला एक मासा आणून द्या. एकच. यात घालून. वरच्या तळ्याचं नाव मी यादीतून काढून घेतो."

"फोटो आणला तर?"

"नाही चालत. खवल्यांच्या ओळी मोजाव्या लागतात, कल्ल्यातली हाडं मोजावी लागतात. संकराचा मासाही दिसायला अगदी असाच असतो."

नेल्स हसला. "चाळीस वर्षं झाली, कर्टिस. आता या वयात खून करायला लावतोस होय?"

डोराही हसली. डोरा म्हणजे नेल्सची बायको, गावातल्या फोटो स्टुडिओत तिची सगळी हयात गेली होती. ती म्हणाली, मी असे फोटो काढते की तुझे साहेब घरबसल्या खवले मोजतील. कर्टिसने बाटली मात्र तिथेच सोडली.

जुलैत बर्फ हटला तशी आम्ही वर गेलो. खेचरावर तंबू, बीन्सचे डबे, बेकन, कॅमेऱ्याची पेटी. झाडं संपतात त्याच्याही वर. डास इतके की कॉफीत पडायचे आणि नेल्स चमच्याने काढून पुढे प्यायचा. सकाळी बादलीत बर्फाचा पापुद्रा धरलेला असायचा. तरी सांगते, सुरुवातीचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले.

पहिला लालगळ्या चौथ्या दिवशी लागला. सोनेरी पिवळा, आणि हनुवटीखाली ती लाल चीर. नेल्सने हात ओले केले, दोन्ही तळव्यांवर त्याला उचललं, श्वास रोखला. डोराने दोन वेळा खटका दाबला. मासा पोहत गेला.

"मला कधी इतक्या अलगद धरलं नाहीस," डोरा म्हणाली.

"तू कधी इतकी गप्प राहिली नाहीस," नेल्स म्हणाला.

असे एकामागून एक बत्तीस फोटो झाले. रोज धबधब्याच्या त्याच तोंडाशी. नेल्सचा अंदाज होता की सगळे मिळून पन्नासेक असतील. काही तर ओळखीचे झाले, एकाची शेपूट फाटकी होती.

ऑगस्ट लागला तशी डोरा बदलली. बाटली तंबूच्या दाराशी असायची, ती येता-जाता तिच्याकडे बघायची. एकदा पॅनकेक उलटताना तिने विषय काढला. तो कर्टिस पोरगा जे काम शिकला आहे त्याला काय लागतं ते त्यालाच माहीत असणार, म्हणाली. नेल्सने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आपण यांना वाचवायला आलोय. आता मारायला सुरुवात केली तर त्या विष घालणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय? डोराने पुढचा पॅनकेक तव्यावर टाकला. मला तेव्हा वाटलं, माझा मालक केवढा मोठा माणूस आहे.

मग सतरा ऑगस्ट. मासा लागला हे माझ्या टोकाला कळतं, टोकाकडून नेल्सच्या मनगटाला. त्या दिवशी नेल्स डोंगराकडे बघत होता. मी कळवलं, त्याला एक क्षण उशीर झाला. तेवढ्यात माशाने माशी पार गिळली. बाहेर आला तेव्हा हुक घशात होता आणि कल्ल्यांतून रक्त वाहत होतं. पाणी लाल झालं नेल्सच्या बोटांमधून.

अशा वेळी मासे सोडून देणाऱ्यांचा नियम ठरलेला. हुक ओढायचा नाही. दोरी कापायची, हुकासकट सोडून द्यायचा. नशीब असेल तर जगतो.

डोराने कॅमेरा खडकावर ठेवला. धावत जाऊन बाटली आणली, झाकण उघडलं.

"नेल्स, हा मरणारच आहे. हा मला दे."

"कदाचित जगेल."

"बघ त्याच्याकडे. हा तू मारत नाहीयेस. हा गेलाय. फक्त मला दे."

नेल्सने पुन्हा श्वास रोखला. खिशातली छोटी कात्री काढली, दोरी कापली, हात पाण्यात खाली केले.

मासा दोन हात सरळ गेला. मग कुशीवर झाला, मग पोट वर. तसाच हळूहळू खोल उतरत गेला, पांढरं पोट दिसत होतं, मग दिसेना. डोरा कपड्यांनिशी कमरेपर्यंत आत शिरली. वितळलेल्या बर्फाचं पाणी ते. हात खाली घालून चाचपडली, काही लागलं नाही. बाहेर आली ती कुडकुडत. नेल्सने तिच्या अंगावर घोंगडी टाकली, ती तिने घेतली, पण दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्या माशाचा फोटो नाही. भिंतीवर शोधू नका.

आम्ही खाली आलो. फोटो धुतले, कर्टिसकडे दिले. त्याने दिव्यासमोर एकेक धरून पाहिला आणि स्वतःची चिठ्ठी जोडून वर पाठवले. आठवड्याने उत्तर आलं की फोटो अप्रतिम आहेत, पण यावरून मोजणी होत नाही. कर्टिस तडक नेल्सच्या दारात आला. म्हणाला, अजून पाच दिवस आहेत सर, उद्या आपण दोघं जाऊ, तुम्ही फक्त लावून द्या, पुढचं मी करतो. नेल्स म्हणाला, ज्यांना इतके स्वच्छ फोटो समजत नाहीत त्यांना मी मासा मारून देणार नाही. डोरा आत भांडी घासत होती. नळ बंद झाला.

तीन सप्टेंबरला नेल्स मला घेऊन वर गेला. का घेऊन गेला माहीत नाही, सवय असेल. खात्याच्या माणसांनी होडीतून विषाची पिंपं रिकामी केली. पाणी दुधासारखं झालं. दुपारपर्यंत धबधब्याच्या तोंडाशी लालगळे वर आले, तोंडं उघडी. पाण्यातच गुदमरत होते. नेल्सने मला खडकाला टेकवलं आणि आत उतरला. एकाला दोन्ही हातांत धरलं आणि पाण्यात पुढे-मागे करायला लागला. दमलेल्या माशाला असंच करतात, कल्ल्यांतून पाणी खेळतं आणि तो शुद्धीवर येतो. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. फक्त आज ते पाणीच विषाचं होतं. एक गेला की दुसरा धरायचा. फाटक्या शेपटीचाही त्यात होता. शेवटी कर्टिस आत उतरला आणि त्याने नेल्सचं मनगट धरलं.

"सर, राहू द्या."

काठाला लागलेले मासे कर्टिसने वेचले. पिशवीत भरून नेले. ऑक्टोबरमध्ये तो घरी आला, दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

"सत्तेचाळीस मोजले," तो म्हणाला. "सगळे शुद्ध होते. एकातही संकर नाही."

नेल्सने विचारलं, "एक पुरला असता?"

"एक पुरला असता, सर."

नेल्सने मला गॅरेजच्या माळ्यावर टाकलं. पुसलंसुद्धा नाही. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, माझा सरस सुटायचा. उंदरांनी मूठ कुरतडली. अकरा वर्षं तो जगला, मासेमारीला गेला नाही. कुणी नदीवरून हाक मारली तर हात वर करून पुढे जायचा. तो गेल्यावर डोराने फोटो वाचनालयाला दिले आणि त्यांच्याबरोबर मलाही. फोटोंचं फार कौतुक झालं. लोक म्हणतात, किती जिवंत दिसतात हे मासे.

मित्रांनो, वाचनालयातल्या बाई मला महिन्यातून एकदा फडक्याने पुसतात. त्यांचे उपकार आहेत. पण मला पुसा, सांभाळा असं सांगायला मी तोंड उघडलेलं नाही. माझं काय, मी लाकूड आहे. तुमचा जीव कधीतरी कशावर तरी जडेल. एखाद्या झाडावर, नदीवर, जनावरावर. ते जपायची वेळ आली की जाणता माणूस तुमच्याकडे काहीतरी मागेल, आणि ते द्यायला तुमचा हात धजणार नाही. तेव्हा आपला हात स्वच्छ राहतोय की नाही हे बघत बसू नका. नेल्स चांगला माणूस होता. त्याच्याएवढ्या हळुवार हातांनी मासा धरणारा मी दुसरा पाहिला नाही. त्या तळ्यात पन्नासेक लालगळे होते, आणि त्याच्याकडे मागितला होता एक.