बैलाची साथ

"मामा, पुन्हा तेच वाजवा! बैलवालं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा उसळला.

ट्रम्पेटवाल्याने न वाजवताच ओठ पुसले आणि तो मंचावरून खाली उतरला.

शेतीप्रदर्शनातला हा मंच बक्षिसाच्या जनावरांच्या गोठ्याला लागूनच बांधलेला होता. बायको गेल्यावर त्याने एक धून बांधली होती. सगळ्या कार्यक्रमात तेवढीच त्याची स्वतःची. आज तिचा वरचा लांब सूर लागला आणि पलीकडून एक बैल हंबरला. जवळजवळ त्याच सुरात. लोक हसून हसून बेजार झाले.

मंचामागे त्याला बसवेना. पाणी घेतलं, निम्मं ओतून दिलं. एवढ्यात बँडमास्तर हात चोळत आले.

"मामा, लॉटरी लागली! ही धून मी कार्यक्रमातून काढणारच होतो, कंटाळतात हो लोक. आता राहू दे. पुढच्या गावी ढोलवाल्याला बैलाचा मुखवटा घालून उभा करू."

तो येरझारा घालत राहिला.

मास्तर गेले तशी एक म्हातारी पुढे झाली. तिच्या पदराला गवताच्या काड्या चिकटल्या होत्या.

"राग धरू नका, भाऊ. बैल आमचाय. जोडीदार मेला त्याचा. तेव्हापासून उभाच आहे बघा, बूड टेकत नाही की हूं का चूं करत नाही. आज पहिल्यांदा ओरडला. जरा जवळ येऊन वाजवाल?"

"काकू, मी काय गारुडी आहे?"

तिने ते मनावर घेतलं नाही. "गाणं कुणाचं आहे हो?"

"बायकोचं," तो बोलून गेला. बँडमध्ये इतकी वर्षं काढली, पण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हातारी गोठ्याकडे चालू लागली. तोही मागोमाग गेला.

बैल थकून पाय बदलत उभा होता. ट्रम्पेटवाल्याने हळू आवाजात सुरुवात केली. वरचा सूर आला, तेव्हा बैल ओरडला नाही. नुसते कान वळवले. धून संपत आली आणि बैलाने आधी पुढचे गुडघे दुमडले, मग सगळं अंग धपकन टाकून दिलं.

"बसला गं बाई," म्हातारी पुटपुटली आणि बादली आणायला धावली.

मास्तर शोधत आले. "अहो मामा, गाडी निघाली!"

"मास्तर, माझी धून काढून टाका."

"काढून? लोकांना आवडलीय की!"

"म्हणूनच."

"मग रांगेत सगळ्यांबरोबर वाजवा. एकट्याने वाजवायला काही मिळायचं नाही, सांगून ठेवतो."

"चालेल."

मास्तर कपाळाला हात लावून निघून गेले. म्हातारीला भरलेली बादली उचलवत नव्हती. त्याने ट्रम्पेट गवतावर ठेवला आणि ती घेतली. बसलेल्या बैलाच्या तोंडापाशी बादली तिरकी धरून तो ओणवा झाला. तिकडे गाडीचा भोंगा वाजत होता. बैल सावकाश पाणी पीत होता.