साफ शिवल्या

"घाबरू नका मावशी. जे खरं तेवढंच सांगायचं," कंपनीचे वकील हैबतराव म्हणाले आणि त्यांनी हौसाला बसायला स्वतःची खुर्ची पुढे केली.

खुर्ची देणाऱ्या माणसापासून जपून असावं, हे हौसाला कोण शिकवणार? मिठागरात मीठ ओढण्यात जिचा जन्म गेला, तिला आजवर कुणी खुर्ची दिली होती? ती कडेला टेकली. ठेवणीतलं लुगडं नीट केलं, शिवल्यांचा डबा पायाशी ठेवला आणि समोर बसलेल्या कमळाकर सरांकडे बघून हसली. सरही हसले.

अठ्ठ्याण्णव सालचा फेब्रुवारी होता, आणि पेणला सुनावणी लागली होती. कंपनी प्लास्टिकच्या गोण्या करायची. तिचा एक कारखाना रोह्याला कुंडलिकेच्या खाडीकाठी होता आणि दुसरा तिला पेणच्या खाडीवर हवा होता, नेमका हौसाच्या गावच्या, जोह्याच्या, चिखलावर. त्या चिखलात ओहोटीला शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, सापडत. मिठाचा हंगाम संपला की पाऊस जाईपर्यंत गावच्या बायका त्याच चिखलावर जगत. कारखाना आला की चिखल गेला, आणि चिखल गेला की बायकांनी काय खायचं, माती?

कंपनीला अडवायला गावाकडे एकच हत्यार होतं, ते म्हणजे कमळाकर सरांचा अहवाल. सर रोह्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. तीन वर्षं ते दोन्ही खाड्यांतल्या शिवल्या चिरून पोटात प्लास्टिक शोधत होते. पहिल्यांदा गावात आले तेव्हा म्हणाले होते, "हे असंच चाललं तर शिवली नामशेष होईल." हौसानं विचारलं, "म्हंजे वो काय?" सर म्हणाले, "म्हणजे नाव शेष राहील, शिवली राहणार नाही." ते ऐकून हौसाच्या काळजात धस्स झालं होतं. त्या दिवसापासून तिनं सरांचा एक गुरुवार चुकवला नाही. डबा घ्यायचा, जोह्याहून एस.टी. पकडायची, पेणच्या स्टँडवर सरांच्या हातात द्यायचा. रोह्याच्या बाजूचं हेच काम अष्टमी गावचा दाजी करायचा. दाजी म्हणजे आळसाचा पुतळा.

अहवालातला हिशेब सरळ होता. रोह्याला कारखाना आहे, तिथल्या शिवल्यांत प्लास्टिकचा चुरा भरलेला. पेणला कारखाना नाही, तिथल्या शिवल्यांत तीन वर्षांत एक कण नाही. तेव्हा पेणला कारखाना नको. बस्स. त्या शिवल्या आणून देणारी म्हणून हौसाची आज साक्ष होती.

"मावशी," हैबतराव म्हणाले, "दाजीच्या शिवल्यांत एवढी घाण आणि तुमच्या शिवल्या अगदी स्वच्छ. कमाल आहे बुवा तुमची."

झालं! तीन वर्षांत हे कौतुक असं चारचौघांत कुणी केलंच नव्हतं. हौसाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"त्या दाजीचं नाव कशाला घेता? तो मेला चिकलासकट पिशवीत कोंबतो नि देतो. मी तशी नाय देत. आदल्या दिशी काडायच्या, दोन पान्यांनी धुवायच्या. मंग टोपात मिठाच्या पान्यात सोडायच्या. रातभर तोंडं उगडून पोटातली सगली घान वकून टाकतात. सकाली पानी बदलायचं, परत दोन घटका ठेवायच्या. तवा कुठं डब्यात."

"अरे वा! आणि एवढी मेहनत कशाला?"

"कशाला म्हंजे? सरांच्या घरात जायच्या. अब्यास झाला का कालवन व्हनारच ना? मास्तर मानूस जेवाया बसला नि दाताखाली कचकच आली, तर आमची काय इज्जत रायली?"

हॉल खदखदून हसला. हौसाही हसली. आपण काहीतरी झक्कास बोललो, असंच तिला वाटलं. गावच्या बायका तेवढ्या हसत नव्हत्या आणि सरांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

हैबतराव मात्र हसले नाहीत. ते सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांकडे वळले, आवाज गोड ठेवून म्हणाले, "साहेब, पोट रिकामं करून आणलेल्या शिवल्यांत कण सापडणार कसा? एकीकडे धुतलेली, एकीकडे न धुतलेली. याला संशोधन म्हणतात? हा अहवाल कचऱ्यात टाकायच्या लायकीचा आहे."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "प्राध्यापक, या कशा येतात, हे तुम्ही तीन वर्षांत एकदाही विचारलं नाहीत?"

आता कुठं हौसाच्या डोक्यात प्रकाश पडला. पुरता नाही, पण आपण काहीतरी भयंकर केलंय, एवढा पडला. ती उठून उभी राहिली. "पन सर, तुमीच बोललेलात ना? बांधावर, पयल्या दिशी? हौसाबाई, शिवल्या साफ हव्यात म्हून?"

बोललेच होते सर. 'साफ हव्यात हं, दुसरं काही मिसळायचं नाही,' हे त्यांचेच शब्द. त्यांना म्हणायचं होतं, नुसत्या शिवल्या द्या, खुबे-कालवं असले दुसरे शिंपले नकोत. पण हौसाच्या घरात साफ शिवली म्हणजे जिच्या पोटात रेतीचा कण नाही ती. शेंबडं पोरही हे सांगेल.

सर उभे राहिले. हौसाकडे त्यांनी बघितलंच नाही. "मी असं काही म्हणालो नव्हतो, साहेब. बाई अडाणी आहे. तिला काय सांगितलं आणि ती काय समजली, देव जाणे."

अडाणी हा शब्द हौसाला नवा नव्हता. मिठागराचा मुकादम दिवसातून चारदा म्हणायचा. पण सरांनी तिला तीन वर्षं हौसाबाई म्हटलं होतं. तिला अशी लाज वाटली की खुर्चीखाली शिरावं.

बाहेर आल्यावर तिनं डबा पुढं केला. सवयीनंच केला, गुरुवार होता ना! सर थांबले. इतका वेळ कोंडून धरलेलं त्यांनी तिच्यावर ओतलं. "तीन वर्षं! तीन वर्षं तुम्ही माझं वाटोळं करत होता, आणि मी तुम्हाला शाबासकी देत होतो. परत मला तोंड दाखवू नका."

गोदूबाई शेजारची, बरोबर आली होती. एस.टी.त ती हौसापासून दोन बाकडी लांब बसली. जोहे आल्यावर उतरताना एवढंच म्हणाली, "तुज्या इज्जतीनं गाव खाल्ला गो."

घरी येऊन हौसा टोपापाशी बसली. सकाळी डबा भरल्यावर टोप धुवायचा राहून गेला होता. तिनं पाणी हळूच ओतून दिलं. तळाला काळी रेती. रेतीत निळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे, पांढरा चुरा, पिशवीचे नखाएवढेही नसलेले चकचकीत कपटे. हे ती दर खेपेला बघायची. तीन वर्षं दर गुरुवारी शेवग्याच्या बुंध्यात ओतून यायची. घाणच ती, घाणीकडे कोण निरखून बघतो? म्हणजे सर जे शोधत होते ते पेणच्या खाडीतही होतं, ढिगानं होतं, आणि ते हिनं स्वतःच्या हातांनी काढून टाकलं होतं. हौसानं कपाळावर हात मारून घेतला आणि ओक्साबोक्शी रडली.

पुढच्या बुधवारी ती चिखलात उतरली तेव्हा अहवाल बाद झाला होता आणि कंपनीची माणसं हद्दीच्या लाल झेंड्या रोवून गेली होती. तिनं झेंड्यांच्या मधूनच शिवल्या वेचल्या. या वेळी पाण्याचा थेंब लावला नाही. चिखलासकट डब्यात भरल्या आणि गुरुवारी पेणहून रोह्याची पॅसेंजर पकडली. नागोठणं गेलं, निडी गेलं. डब्यातून वास सुटला होता. समोरची बाई नाकाला पदर लावून लांब जाऊन बसली. हौसानं डबा मांडीवर घेतला, झाकण घट्ट दाबून धरलं. सरांना एकदा दाखवायचं, बघा, नाय धुतल्या, आता चिरून बघा. एवढं एक झालं की मग काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत.

कॉलेजच्या दारात केरू शिपायानं तिला अडवलं. "सर रजेवर हायत."

सरांची स्कूटर अंगणात आंब्याखाली उभी होती. हौसानं स्कूटरकडे बघितलं, मग केरूकडे. केरूनं मान फिरवली.

"सरांना यवढंच सांग, हौसा न धुतलेल्या घेऊन आली."

"ते काम बंद झालं, बाय. शिवल्यांच्या सगल्या बाटल्या मोरीत वतायला लावल्या मला. दोन दिस हाताचा वास जात नव्हता." केरूचं लक्ष डब्याकडे गेलं. "शिवल्या हायत? परत कुठं नेतेस? ठेव हितं, मी खाईन."

त्यानं झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं. "शी! काय गो ही घान! कुनाला द्यायच्या तर धुवून तरी आनायच्या."

हौसानं एकदा वर, जिन्यापलीकडच्या सरांच्या बंद दाराकडे बघितलं. मग डबा उचलून अंगणातल्या नळाखाली नेला, पदर खोचला आणि उकिडवी बसली. पहिलं पाणी काळं निघालं, दुसरं करडं. निळे-पांढरे कण नळाच्या चरातून वाहत आंब्याकडे, स्कूटरच्या चाकांकडे गेले. एकेक शिवली तिनं अंगठ्यानं घासली, तीन पाण्यांनी धुतली, डबा पुसून परत भरला.

"घे केरूदादा," ती म्हणाली. "वरनं साफ झाल्या. आज नको शिजवू. रातभर मिठाच्या पान्यात ठेव, पोटातलं वकतील. आनि टोप उघडा ठेवू नको, मांजर तोंड घालल."