बोटांना विश्रांती

माइतेचा डावा कान कधीच गेला होता. उजवा शिल्लक होता. भर वाऱ्यातही त्या कानाला अडलेल्या मेंढीचं कण्हणं कळायचं, आणि वायोमिंगच्या त्या उघड्या माळावर तिचा कळप त्याच कानाच्या जिवावर होता.

कानात बोळे घालून बंदूक झाडावी, तर कोकरं पळवणारा कोयोट, तिकडचा कोल्हा, कुठून आला तेच कळत नाही. न घालता झाडावी, तर

म्हणून बंदुकीच्या नळीला लावायचा सायलेन्सर.

तो घेऊन झाला होता. कॉर्बिनच्या बंदुकांच्या दुकानात, तिजोरीत पडून होता. वॉशिंग्टनहून मंजुरी येईपर्यंत त्याला घरी नेता येत नाही. कॉर्बिन समोर असला की दुकानामागच्या मातीच्या बांधावर तेवढा वापरायचा.

"आलीस का कैद्याला भेटायला?" कॉर्बिनची शाळेपासूनची ओळख, तोंडाला लगाम नाही.

"सोड ना जामिनावर."

"त्याला सोडलं तर मला आत घालतील बये."

आज्याची लिव्हरची रायफल. चपटी, खोगिराला लटकावली तरी गुडघ्याला टोचत नाही. तिच्या नळीला माइतेने मुद्दाम आटे पाडून घेतले होते. सायलेन्सर फिरवून बसवायचा, मंद गोळी भरायची, चाप ओढायचा. फट्. शेजारच्या खोलीत कुणी पुस्तक मिटावं तसं. मग पुढची गोळी चढवायला चापाखालची लिव्हर खाली-वर: खळ्ळ-खट्. बार त्याहून मोठा नाही! कुंपणाच्या तारेवरचा पक्षी बसलेलाच.

ज्याला याचा लोभ कळला नाही, त्याला समजावून उपयोग नाही. बंदूक चालली आणि सकाळ मोडली नाही. एवढंच.

मंजुरीचा अर्ज परत आला. बोटांचे ठसे वाचता येत नाहीत.

पुन्हा दिले. पुन्हा परत.

"ही बोटं आहेत की साबणाच्या वड्या?" कॉर्बिनने तिचा हात उजेडात धरला. लोकरीचं तेल, काटेरी तार, चुना. जन्मभराच्या कामाने रेषा पुसून गेल्या होत्या.

"मी दरोडा घातला तर सापडणार कशी रे मी?"

"तीच तर त्यांना काळजी."

शेवटी मंजुरी देणाऱ्या खात्यातल्या एका बाईने फोनवर सांगितलं, हातांना विश्रांती द्या, काम थांबवलं की रेषा परत येतात. बाई चांगली बोलली. मेंढ्या वितात कधी, हे तिला कुणी विचारलं नाही.

विण्याचा हंगाम तोंडावर होता. माइतेने पेरूहून आलेल्या एलियोदोरोला कामावर ठेवलं आणि स्वतः हातांना मलम चोपडून, मोजे चढवून पिकअपमध्ये बसली. फाटकाला हात नाही. तारेला नाही. मेंढीच्या पोटात तर नाहीच.

कान मात्र कामावर होता.

"एलियो! ओढ्याच्या अंगाला बघ, एक अडलीय!"

"मला नाही ऐकू येत, मालकीणबाई!"

"मला येतंय. पळ!"

तो पळाला. अडलीच होती.

मग एका पहाटे तो टेकडीपलीकडे असताना, समोरच्या उतारावर एक मेंढी वीत होती, कोकराचं डोकं नुकतं बाहेर आलं होतं, आणि कोयोट मागून त्या डोक्याकडेच

माइतेने दार उघडलं नाही. एरवी खाली उतरून उघड्यावर बार टाकला असता. मोज्यातल्या हातांना आता बसून राहायची सवय लागली होती. रायफल मांडीवर होती, नळी खिडकीपर्यंत. सायलेन्सर गावात. गोळी भरलेली नेहमीची, जोरदार.

पत्र्याच्या छताखाली, काचांच्या पेटीत, बार.

नेम चुकला. लिव्हरचं हे कौतुक की हात आपोआप चालतो, विचारत नाही. खाली, वर, दुसरा बार. कोयोट कोलमडला.

कोकरू वाचलं. एलियोदोरो धावत आला, ते उचलून तिच्यासमोर धरलं. त्याचं तोंड हललं. कोकराचंही हललं.

.

डॉक्टरांनी लिहून दिलं ते तिने वाचलं आणि परत दिलं.

पुढच्या आठवड्यात ती कॉर्बिनसमोर बसली. त्याने एकेक बोट शाईत लोळवून कार्डावर टेकवलं. रेषा, भोवरे, सगळं लख्ख. तो काहीतरी बोलला, हसला. मग तिच्याकडे बघून थांबला. कार्ड वर धरून त्याने भुवया उंचावल्या: पाठवू?

"पाठव," ती म्हणाली. "मेंढ्यांचे कान तरी शाबूत राहतील."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"कॉर्बिन, मी ओरडतेय का रे?"

कॉर्बिनने मान हलवली. नाही.