हेतू कधीचा?

अमेरिकन नागरिक होऊन दोन वर्षं होत आली, तेव्हा सुमित्रा देशकरांना ॲन आर्बरच्या कोर्टातून ज्युरी म्हणून बोलावणं आलं.

खटला तसा लहान होता. बर्फ पडत असताना हॉस्टेलच्या एका आचाऱ्याने स्टँडवरची काळी सायकल नेली. आपलीच समजून नेली, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सीटखालचा स्टिकर पाहून चूक कळली, पण घाबरून त्याने ती गॅरेजमध्ये दडवली.

सहा ज्युरी बंद खोलीत बसले आणि गाडं अडलं.

"परत केली नाही, म्हणजे चोरीच," कार्ल म्हणाला. तो निवृत्त बसचालक. सगळ्यांनी त्यालाच प्रमुख नेमलं होतं. दोघं त्याच्या बाजूने, दोघं विरुद्ध.

सुमित्राताईंनी जजनी दिलेला कागद पुन्हा वाचला. मालकाची सायकल कायमची लाटण्याचा हेतू हवा, असं त्यात होतं. पण हेतू कधीचा? नेतानाचा, की दडवतानाचा?

"जजनाच विचारू या," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आपल्याला कळलं नाही असं दिसेल!"

"नाहीच कळलेलं. नागपूरला मी वीस वर्षं गणित शिकवलं. प्रश्न न समजता उत्तर लिहिणाऱ्यांचेच मार्क जायचे."

कार्ल खो खो हसला आणि कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. सुमित्राताईंनी ठसठशीत अक्षरात प्रश्न लिहिला.

अर्ध्या तासाने सगळ्यांना कोर्टात बोलावलं. जजनी सावकाश वाचून दाखवलं, "हेतू सायकल नेताना असायला हवा. त्या वेळी मनात काय होतं, हे ठरवताना नंतरचं वागणंही विचारात घेऊ शकता."

खोलीत परतल्यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी कार्लच म्हणाला, "त्याची स्वतःची सायकल पोलिसांना त्याच स्टँडवर सापडली ना? चोरायला आलेला माणूस आपली कशाला सोडून जाईल?"

सहाही जणांचं एकमत झालं: निर्दोष. निकाल ऐकताच आचाऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

घरी त्यांच्या नवऱ्याने, संजीव यांनी, पिठलं-भात करून ठेवला होता. दोन दिवस खटल्याबद्दल अवाक्षर काढता येत नव्हतं. आता सुमित्राताईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, अगदी कार्लच्या हसण्यासकट. संजीव यांनी मध्येच विचारलं, "मग ती सायकल मालकाला मिळाली का?"

"मिळाली तर! वाढा अजून थोडं," त्या म्हणाल्या आणि पाय पसरून निवांत जेवल्या.