किंबलला कोणी बोलायचं नाही

पाच वर्षं मॅरेन ऑलरेड किंबल ऑर्गिलबरोबर नाचत होती आणि पाच वर्षांत तिला एकदाही त्याच्यावर ओरडायला मिळालं नव्हतं. तिला ओरडता येत नव्हतं असं नाही. धाकट्या भावंडांवर ती असा आवाज चढवायची की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. पण किंबल म्हणजे तिचा जोडीदार, आणि ओरममध्ये बॉलरूम नाचणाऱ्या मुली पोत्याने होत्या तर मुलगे अवघे अकरा.

यूटामधल्या त्या गावात मुली चालायला लागल्या की त्यांना नाचाचे बूट घेतात आणि मुलगे चालायला लागले की त्यांच्या हातात बास्केटबॉल देतात. मग ज्या मुलीच्या वाट्याला एखादा मुलगा येतो, तिच्या घरचे त्याला तळहाताच्या फोडासारखं जपतात. मॅरेनची आई, जोलीन, किंबलच्या शर्टांना इस्त्री करायची आणि दर शनिवारी त्याच्यासाठी दालचिनीचे रोल भाजायची. घरच्या चार पोरांना उरले तर मिळायचे. किंबलने पायावर पाय दिला की मॅरेन त्याला सॉरी म्हणायची. नाचात दिशा मुलगा ठरवतो आणि मुलगी त्याच्या तोंडाकडे तोंड करून उलटी मागे जाते, तेव्हा चूक कोणाची हे आंधळ्यालाही कळावं. तरी सॉरी तीच म्हणायची. शिकवणाऱ्या मिस व्हर्डांचा नियमच होता तसा: किंबलला कोणी बोलायचं नाही, मुलगा बिथरला तर दुसरा आणायचा कुठून?

आता ही दोघं लॉस एंजेलिसला टीव्हीवरच्या मुलांच्या नृत्यस्पर्धेत येऊन पोहोचली होती. सहा जोड्या उरल्या होत्या, मंगळवारच्या कार्यक्रमानंतर चार राहणार होत्या. मते प्रेक्षकांची. आणि मॅरेनसाठी प्रश्न नुसत्या बक्षिसाचा नव्हता. नाताळपासून ती तीन इंच वाढली होती. किंबल होता तेवढाच होता. त्याचं कपाळ आता तिच्या हनुवटीला लागायचं. तिकडे ड्रेपर गावात ब्रिंडी नावाची एक बुटकी, गोड मुलगी जोडीदाराविना बसली होती, आणि तिची आई केक घेऊन ऑर्गिलांच्या घरी जाऊन आली होती. मंगळवारी ही जोडी बाहेर पडली तर किंबल ब्रिंडीकडे जाणार, हे मॅरेनने आपल्या आणि किंबलच्या आईच्या कुजबुजीतून ऐकलं होतं. मग तेरा वर्षांच्या उंच मुलीला नवा मुलगा मिळणं म्हणजे संपलंच.

आणि नेमकं याच आठवड्यात किंबल कॅमेऱ्याला घाबरल्यासारखा वागायला लागला.

झालं असं. आतापर्यंत कॅमेरे लांब कठड्यापलीकडे होते. या वेळी दिग्दर्शकाने ठरवलं की हेक्टर नावाचा कॅमेरावाला छातीला कॅमेरा बांधून थेट फरशीवर उतरेल, जोडीच्या भोवती फिरेल आणि मॅरेनचा हसरा चेहरा जवळून देशभर दाखवेल. हेक्टर भला माणूस. तो पुढे आला की किंबल डावीकडे वळायचा. तो डावीकडून आला की किंबल उजवीकडे. गावाकडच्या स्पर्धांत एका वेळी बारा बारा जोड्या फरशीवर असतात आणि गर्दीतून कोणाला न आपटता वाट काढणं हे मुलाचं काम. मिस व्हर्डांनी पाच वर्षं घासून घासून हेच शिकवलं होतं. किंबलच्या लेखी हेक्टर म्हणजे आडवी आलेली तेरावी जोडी, असं मॅरेनला वाटलं. शनिवार ते सोमवार रोज तालीम झाली आणि तिन्ही दिवस पडद्यावर देशाला दिसली असती ती मॅरेनची पाठ.

काचेमागच्या दिग्दर्शकाला मिस व्हर्डांनी आधीच बाजूला घेऊन तंबी दिली होती की मुलाला काही बोलू नका. त्यामुळे कर्ण्यावरून दर वेळी एकच यायचं, मॅरेन, चेहरा दाखव. मॅरेन, जरा इकडे बघ. मॅरेन, लपतेस कशाला? ती बिचारी उलटी पळत होती, नेणारा नेत होता, आणि बोलणी तिला. मिस व्हर्डा किंबलजवळ गेल्या, त्याचा खांदा थोपटला आणि फारच छान म्हणाल्या, फक्त जरासं कॅमेऱ्याकडे राहू या का? किंबल हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणायचा. पुढच्या फेरीला पुन्हा वळला.

मॅरेनचा जीव मेटाकुटीला आला. सोमवारी दुपारी तिने आईला सांगितलं की आता मी त्याला स्पष्ट सांगणार. जोलीनने हातातला डबा खाली ठेवला.

"तू एक अक्षर बोलणार नाहीस," ती म्हणाली. "केक येऊन गेलाय त्यांच्या घरी."

"मग मी काय करू? पाठ दाखवून जिंकू?"

"हस. आणि त्याला रोल नेऊन दे."

मॅरेनने रोल नेऊन दिला. किंबलने तो खाल्ला, थँक्यू म्हणाला आणि बोटं चाटत भिंतीकडे बघत बसला. या मुलाच्या डोक्यात चालतं तरी काय, हे पाच वर्षांत तिला कळलं नव्हतं. तो बोलायचाच नाही. त्याला बोलावं लागायचंच नाही म्हणा, सगळे त्याच्या वतीने बोलायला टपलेले.

मंगळवारी कार्यक्रम पाचला सुरू झाला, कारण पूर्वेकडे तेव्हा आठ वाजतात. त्यांचा क्विकस्टेप होता. हा नाच म्हणजे हसत हसत धावणं, आणि मॅरेन हसत होती. फरशीची पहिली लांब बाजू छान गेली. मग हेक्टर फरशीवर उतरला. मॅरेनला किंबलच्या उजव्या हाताचा दाब बदललेला कळला. तो वळायला लागला होता. पुन्हा.

तेव्हा तिने ते केलं. बॉलरूममध्ये मुलीने करू नये अशी जी काही पापं आहेत, त्यातलं हे सगळ्यात मोठं. तिने दिशा स्वतःच्या हातात घेतली. कंबर घट्ट केली, त्याचा डावा हात आपल्या हाताने रोखला आणि तीन इंच जास्त उंचीचा सगळा जोर लावून त्याला सरळ हेक्टरच्या बाजूने नेलं. किंबलचे डोळे विस्फारले. तो कुजबुजला, "नको." पाच वर्षांत नाचताना तो पहिल्यांदाच काहीतरी बोलला, आणि तेही नको. मॅरेन ऐकायच्या पलीकडे गेली होती. कॅमेरा तिच्या चेहऱ्याशेजारी आला, ती त्यात बघून मनापासून हसली, उलट्या पावलांनी हेक्टरला ओलांडून गेली, आणि तेवढ्यात या मुलाने तालाबाहेर तिला मधेच वर ढकललं. अर्धा ठोका तिचे दोन्ही पाय अधांतरी. ती कशीबशी तालात उतरली आणि दात दाबून हसत राहिली. मी चालवलं म्हणून हा भर कार्यक्रमात मला धक्का देतो, या विचाराने तिचं रक्त उकळत होतं.

आणि गंमत बघा. परीक्षक उभे राहिले. मधल्या परीक्षक बाई म्हणाल्या की आज पहिल्यांदा या मुलाने जोडी खऱ्या अर्थाने चालवली, असा ठाम हात या वयात दिसत नाही. आणि कोपऱ्यातली ती अचानक उडी तर फारच सुरेख, ती कोणी बसवली? प्रेक्षकांतून मिस व्हर्डांनी लाजत हात वर केला. मॅरेनला वाटलं आपण आता सगळ्यांदेखत किंचाळणार. ती हसली. मते मोजली गेली, त्यांचं नाव पुढच्या फेरीत आलं, जोलीन रडली, किंबलच्या आईने जोलीनला मिठी मारली.

मागच्या अरुंद वाटेत दोघं एकटी सापडली तेव्हा किंबल बुटांच्या नाड्या सोडत होता.

"तू चालवलंस," तो म्हणाला.

उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. नाही रे, तूच छान नेलंस. असली उत्तरं तिला झोपेतही देता आली असती. जोडीदार टिकवायचा तर आत्ता हेच म्हणायला हवं होतं. पण आता तिच्याच्याने होईना.

"हो, मी चालवलं," ती म्हणाली. "कारण मिस व्हर्डांनी सांगूनही तुला कळत नाही. तो कॅमेरावाला आहे किंबल, जोडी नाही. तू वळतोस आणि बोलणी मी खाते. तू पाय देतोस आणि सॉरी मी म्हणते. आणि आज तू मला टीव्हीवर ढकललंस. मला तुझा इतका राग येतो ना, इतका राग येतो, आणि मला तो दाखवायचीसुद्धा बंदी आहे."

 किंबलचा चेहरा पडला नाही, हे तिला विचित्र वाटलं.

"वायर होती," तो म्हणाला.

"कसली वायर?"

"हेक्टरच्या मागे. काळ्या फरशीवर काळी वायर. ती गोळा करणारी मुलगी सारखी मागे पडते. तू उलटी जातेस, तुला कशी दिसणार? तुझी टाच तिच्यावर पडणार होती म्हणून उचललं. जड आहेस तू."

 मॅरेनला पहिल्यापेक्षा जास्त राग आला.

"तीन दिवस वायर होती? आणि तू तोंडाला कुलूप लावून बसलास?"

"कोणी विचारलंच नाही. मी काहीही केलं तरी सगळे फारच छान म्हणतात. मला वाटलं, वळणंच बरोबर आहे." तो नाडीची गाठ उगाचच ओढत राहिला. "तूही कधी काही म्हणत नाहीस. मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचंच नसतं. म्हणून आज दुपारी आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं की चालेल."

"काय चालेल?"

"ही स्पर्धा संपली की ब्रिंडी."

मॅरेन भिंतीला टेकली. तिच्या टाचेखाली न आलेली ती वायर तिला आत्ता जाणवली. तिचा पाय मोडू नये म्हणून हा मुलगा तीन दिवस कॅमेऱ्याला तिची पाठ दाखवत होता, आणि ती मनातल्या मनात त्याला गाढव म्हणत होती. तिला रडू येत होतं, पण त्यापेक्षा जास्त संताप येत होता, त्याचा, आयांचा, मिस व्हर्डांचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"ऊठ," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जा आणि आईला सांग, नाही चालणार."

"आई ओरडेल."

"ओरडू दे. पाच वर्षं उशीर झालाय. आणि आजपासून मीही ओरडणार आहे, रोज."

किंबलने यावर बराच विचार केल्यासारखं केलं. मग एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशा अवतारात तो वाटेच्या टोकाच्या खोलीकडे गेला. दार लागलं. थोड्या वेळाने आतून त्याच्या आईचा चढलेला आवाज ऐकू आला, आणि त्यावर किंबलचा, तिने कधी न ऐकलेला, तितकाच मोठा आवाज.